पिवळा ठिपका

चांगल्या घरची सून सासूच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत नाही. निदान अक्काताई मगदुमांच्या घरची तरी नाही. त्रिशला लग्न होऊन शेवरवाडीत आली तेव्हापासून तिनं ही रीत पाळली होती. वाढताना ताटाकडं बघावं, मळ्यात विड्याचं पान खुडताना अक्काताईंच्या हाताकडं बघावं आणि बोलणी खाताना जमिनीकडं. शाळेत बाई म्हणून मिरवत असली तरी उंबऱ्याच्या आत ती सून होती. ‘वळण लावावं लागतं,’ असं अक्काताई जैन बस्तीतून दर्शन घेऊन बाहेर पडताना चारचौघींना ऐकवत.

पण ही दिवाळी झाली आणि बाईच्या अंगात काय वारं शिरलं कोण जाणे. सरळ तोंडाकडं बघायला लागली. बघते म्हणजे तरी कशी? बाजारात म्हैस घेताना बघतात तशी. बोलता बोलता मध्येच थांबते, सासूच्या भुवया निरखते आणि मग तेच वाक्य पुन्हा सांगते, सावकाश, तुकडे पाडून.

“आई, चकती सलग गुरगुरली, तर साखर कमी. मग गूळ खायचा. थांबून थांबून गुरगुरली, तर साखर जास्त. मग गूळ नाही खायचा. चालून यायचं आणि मला सांगायचं.”

“एकदा सांगितलेलं कळतं मला.”

“हो आई. पण सलग म्हणजे…”

“अगं, कळलं म्हणते न्हवं!”

त्रिशलानं वाक्य तिथंच सोडलं, पण बघायचं काही सोडलं नाही.

डॉक्टरनं अक्काताईंच्या दंडावर बटणाएवढी चकती चिकटवली होती. ती रक्तातली साखर मोजायची आणि चुकलं की गुरगुरायची. आता खरी गोष्ट अशी, आणि ही अक्काताई मेल्या तरी कुणाला सांगणार नव्हत्या, की सलग कुठलं आणि थांबून कुठलं याचा त्यांच्या डोक्यात पार गुंता झाला होता. मळ्याचं पाणी फोनवरनं सोडणाऱ्या, करंडी हातात धरून पानाचा भाव सांगणाऱ्या बाईनं चकतीपुढं हात टेकावेत? म्हणून त्यांनी सोपा मार्ग काढला होता. चकती कशीही गुरगुरली की गुळाचा खडा तोंडात. चुकलं तर चुकलं, गोड तर लागतंय.

त्यांना छळणारा प्रश्न निराळाच होता. आपल्या पोटातलं हिला कळतं कसं?

उत्तर मुलानं दिलं. भरतेश करंडीत केळीचं पान अंथरत म्हणाला, “आई, तो शाळंतला चष्मा हाय. काढायचा इसरते ती.”

“चष्म्यातनं माझं पोट दिसतंय व्हय रं?”

“पोट न्हाई. तोंड दिसतंय.”

त्या दिवशी अक्काताईंनी सुनेला समोर बसवलं. चष्मा दोघींच्या मध्ये पाटावर ठेवला, पुरावा ठेवतात तसा. साधीच काळी काडी. पण काडीच्या टोकाला मोहरीपेक्षा बारीक एक डोळा.

“सांग. ह्यो काय भानगड हाय?”

त्रिशला वर्गात सांगते तशी सांगायला लागली. माणसाला एखादी गोष्ट कळेनाशी झाली की त्याच्या मनाआधी ते त्याच्या चेहऱ्याला समजतं. दोन भुवयांच्या मधला एक स्नायू आवळतो. पापणी लवायची चाल बदलते. नजर सांगणाऱ्याच्या तोंडावरून सुटते आणि भरकटते. उत्तर द्यायला एक श्वास जास्त लागतो. या खुणा इतक्या बारीक असतात की एकदोन चेहरे असले तर बाईंना दिसतील, खोलीभर असले तर नाहीत. हे यंत्र लाखो मुलांचे चेहरे बघून त्या खुणा शिकलंय. ते प्रत्येक मुलाच्या डोक्यावर, चष्म्याच्या काचेतच, एक ठिपका दाखवतं. हिरवा म्हणजे कळलं. पिवळा म्हणजे हरवलं.

“आणि माझ्या डोक्यावर?”

त्रिशलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “चकतीचं बोलताना पिवळा असतो.”

“तुझा चष्मा खोटारडा हाय.”

“असेल, आई.” तिनं बोटाचा पदर सोडला. मग कधी बोलत नाही इतकं बोलली. “तिसरी आणि चौथी मी एकटी बघते. दुसऱ्या गुरुजींची जागा किती वर्षं रिकामी आहे तुम्हाला माहीतच आहे. तिसरीकडं तोंड केलं की चौथीकडं पाठ होते. रोज घरी येताना वाटायचं, आज कोण मागं राहिलं? कुणाला कळलं नाही आणि ते गप्प बसलं? चौथीतला कलगोंडा दोन वर्षं मान हलवत बसला होता. त्याला हातचा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मला नाही दिसलं. चष्म्याला पहिल्या दिवशी दिसलं. आई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, वर्गात माझ्या बाजूनं कुणीतरी उभं आहे.”

यावर काय बोलावं हे अक्काताईंना सुचलं नाही. आणि सुचलं नाही की त्या रागावत. “घरात घालू नको म्हणजे झालं,” म्हणाल्या आणि उठल्या. पण ‘माझ्या बाजूनं कुणीतरी’ हे बोलणं कुसळासारखं टोचत राहिलं. मग आम्ही कुणाच्या बाजूनं होतो?

अक्काताई शाळेच्या समितीच्या अध्यक्ष. दुसरी पास, तरी अध्यक्ष. गावानं केलं, कारण मगदुमांच्या मळ्यावर अर्ध्या शाळेच्या आया पानं खुडायला येत. जानेवारीत केंद्रप्रमुख होनमोरे साहेब आले. गरीब स्वभावाचा माणूस, खिशात कायम पोरांसाठी लिमलेटच्या गोळ्या. त्यांनी चहा घेतला आणि सांगितलं की चष्म्यानं गोळा केलेल्या माहितीवरून पाच मुलं सदानकदा पिवळी दिसतात. अशा मुलांसाठी तालुक्याच्या गावी ‘आधार वर्ग’ काढलाय. तीन खास शिक्षक, निराळी साधनं. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. समितीची संमती हवी.

अक्काताईंना हे पटकन पटलं. पानमळ्यात तरी दुसरं काय करतात? पानावर पिवळा ठिपका दिसला की ते पान वेगळं काढायचं. एका ठिपक्यानं करंडी नासते. यंत्रालाही मळ्याची अक्कल आहे म्हणायची.

“द्या, सही करते. कोण कोण पोरं?”

साहेबांनी नावं वाचली. पाचही आयांबरोबर मळ्यात वावरणारी. पहिलंच नाव खुडायला येणाऱ्या लगमव्वाच्या पोरीचं, समृद्धीचं.

अक्काताईंचा हात थांबला. “समू?”

समू ही त्यांच्या मळ्यातली सगळ्यात चलाख पोर. गेल्या उतरणीच्या वेळी वाढलेला वेल आधाराच्या शेवरीच्या झाडावरून सोडवून, गुंडाळी करून मातीत कसा पुरायचा, पुन्हा लव्हाळ्याच्या गवतानं कसा बांधायचा, हे तिनं एकदाच बघितलं होतं. दुसऱ्या वेलापाशी तिची गाठ लगमव्वाच्या गाठीपेक्षा नीट होती. ती पोर हरवलेली? आणि मग सापडलेली कोण?

“सायेब, उद्या या. मी शाळंत येते,” त्या म्हणाल्या.

सकाळी मळ्याच्या तोंडाशी लगमव्वा वाट बघत उभी होती. चपला बाहेर काढून, कारण पानमळ्यात कुणी चप्पल घालून जात नाही. अंगठ्यावर पान खुडायची पत्र्याची नखी तशीच.

“अक्का, माझी पोर येडी हाय व्हय?”

“कोण म्हणतंय?”

“सगळी शाळा म्हणती. ‘पिवळी’ म्हणत्यात तिला. आणि येष्टीनं मी तिला एकटी धाडणार न्हाई. शाळंत नको म्हणत्यात तर ऱ्हाऊ दे शाळा. माझ्यासंगं खुडायला यील.”

“गप. उगं अवलक्षण बोलू नको,” अक्काताई म्हणाल्या. पण लगमव्वा बोलली ते करणारी बाई होती. आज सही झाली की उद्या समू नखी घालून मळ्यात उभी. खुडायला आणखी एक चांगला हात आपल्यालाच मिळणार, हेही त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

शाळेत त्या बाजूच्या भिंतीला खुर्ची टाकून बसल्या. शेजारी होनमोरे साहेब. त्रिशला अपूर्णांक शिकवत होती. फळ्यावर एक वर्तुळ, त्याचे भाग, आणि तोंडानं चाललेलं एकसारखं बोलणं. पुढच्या रांगेत अक्काताईंचा नातू अनेकांत. ताठ मान, डोळे आईच्या तोंडावर, भुवया वर. किती हुशार दिसत होता! मागं भिंतीकडं मळ्यातली पाच. समूची मान खाली. नजर कुठं होती ते अक्काताईंना नीट दिसेना. बाई बोलत होत्या, आणि समू बाईंकडं बघतच नव्हती.

“समृद्धी, एकाचे चार भाग केले, त्यातला एक म्हणजे किती?”

समू गप्प. श्वास, आणखी एक श्वास. त्रिशलानं चष्म्यातून तिच्या डोक्यावर बघितलं, हळू आवाजात “बरं, बस” म्हणाली आणि पुढं गेली.

“बघितलंत?” साहेब कुजबुजले.

बघितलं होतं. आणि काहीच कळलं नव्हतं. अक्काताई उठून फळ्यापाशी गेल्या. “दे हिकडं तो चष्मा.”

“आई, तो…”

“दे म्हणते.”

चष्मा नाकावर बसला आणि वर्गात दिवाळी झाली. प्रत्येक डोक्यावर एक ठिपका. पुढं हिरवेच हिरवे. अनेकांताच्या डोक्यावर तर असा हिरवा की डोळे निवावेत. मागं पाच पिवळे, खुडून टाकायच्या पानांसारखे. म्हणजे खरंच की काय? अक्काताई गोंधळून सुनेकडं वळल्या, “काय गं, हे…” म्हणाल्या आणि थबकल्या.

त्रिशलाच्या डोक्यावर पिवळा ठिपका होता.

सासू समोर आली तशी ती सवयीनं खाली बघत उभी होती. सासूच्या हाताकडं.

“अगं, तूबी पिवळीच की!” अक्काताई मोठ्यानं म्हणाल्या. “सायेब, हिला धाडा तालुक्याला! माझ्या सुनंला काय कळत न्हाई म्हणतंय हे!”

पोरं खदखदून हसली. साहेबही हसायला लागले आणि मध्येच थांबले. त्रिशला मात्र हसली नाही. ती समूकडं बघत होती. मग स्वतःच्या हाताकडं, ज्यात खडू होता.

“समू,” ती हळू म्हणाली, “मी शिकवते तेव्हा तू कुठं बघतेस?”

समू घाबरली. “हाताकडं.”

“तोंडाकडं का नाही?”

पोरीनं एकदा अक्काताईंकडं चोरून बघितलं आणि मळ्यात रोज कानावर पडणारं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, अगदी त्याच ठसक्यात: “तोंडाकडं काय बघतीस? तोंडात काय शिजतंय व्हय? हाताकडं बघ!”

वर्गात पुन्हा हशा. अक्काताईंचे कान तापले. हे त्यांचंच वाक्य. त्यांच्या सासूचं, आणि तिच्या सासूचं. मळ्यात दुसरी शाळा कुठं आहे? गाठ तोंडानं सांगून येत नाही. नखी कुठं टेकवायची हे बोलून कळत नाही. मळ्यात जो शिकतो तो मान खाली घालून, समोरच्याच्या हाताकडं बघत शिकतो. आणि विचारलं की लगेच बोलत नाही, आधी मनातल्या मनात हात चालवून बघतो. त्रिशलाही नऊ वर्षं तशीच शिकली होती. यंत्राला हे कुणी सांगितलंच नव्हतं. खाली गेलेली नजर म्हणजे भरकटलेली नजर, एवढंच त्याला ठाऊक.

त्रिशलानं टेबलावरचा कागद घेतला. एक शब्द न बोलता तो दुमडला, पुन्हा दुमडला, उलगडला आणि चार भागांतल्या एकावर बोट ठेवलं. मागच्या रांगेत कागद वाटले. चार पोरांनी तीच घडी घातली. समूनं आणखी एक घातली आणि म्हणाली, “आता आठवा भाग झाला.” पाचव्यानं, शिवलिंगनं, मात्र कागदाचा बोळा केला. त्रिशला त्याच्याजवळ गेली, कागद त्याच्या नाकापाशी धरला तेव्हा कुठं त्यानं तो नीट दुमडला. पोराला लांबचं दिसतच नव्हतं.

आता अक्काताईंचा खरा गोंधळ उडाला. यंत्राला खोटं म्हणावं, तर शिवलिंगच्या बाबतीत ते खरं. खरं म्हणावं, तर समूच्या बाबतीत धडधडीत खोटं. आणि माझ्या चकतीचं? तो विचार त्यांनी झटकून टाकला आणि मनाला गारवा म्हणून हिरव्या ठिपक्याकडं, नातवाकडं वळल्या.

“अनू, तू सांग बाळा. चौथा भाग मोठा का आठवा?”

अनेकांतनं डोळे मोठे केले, भुवया उंचावल्या, मान हलवली. ठिपका हिरवागार.

“मान काय हालवतोस? बोल की.”

“आठवा.”

“का?”

“आठ मोठं असतंय.” त्यानं पुन्हा भुवया उंचावल्या.

“ह्या भुवया कशापायी नाचवतोस रं?”

त्यानं आईकडं बघितलं, आजीकडं बघितलं आणि आजी जास्त भयंकर वाटली म्हणून खरं सांगून टाकलं. “असं बघितलं की बाई आपल्याकडं येत न्हाईत. सगळ्यांनाच ठाऊक हाय.”

पुढच्या दोन्ही रांगांतल्या उंचावलेल्या भुवया एकदम खाली आल्या.

त्रिशला खुर्चीवर बसली. शिकवताना ती कधी बसत नसे. अक्काताईंनी चष्मा काढला, कारण तिचं तोंड बघायला कुठल्या ठिपक्याची गरज नव्हती. पोटचं पोर पहिल्या रांगेत, रोज डोळ्यांसमोर, आणि हिरव्या ठिपक्याखाली निवांत हरवलेलं. आपल्या बाजूनं उभा आहे असं तिला ज्याच्याबद्दल वाटलं होतं, त्या सोबत्यानं दोन्हीकडून दगा दिला होता. आणि दगा तरी म्हणावा कसा? कलगोंडाही त्यानंच दाखवला होता.

“यंत्र लाखो चेहऱ्यांवर शिकलंय,” होनमोरे साहेब पडेल आवाजात म्हणाले.

“त्यात हाताकडं बघणारी किती हुती?”

“ते… मला माहीत नाही, अक्काताई.”

“मग मी सही करत न्हाई. तालुक्याला तीन मास्तर ठेवल्यात म्हणालासा न्हवं? त्यातला एक हिकडं धाडा. पाच पोरं येष्टीनं हालवण्यापरीस एक मास्तर हालवणं सोपं.”

“तसं करता येत नाही हो.”

“येत न्हाई, का कुणी केलं न्हाई?”

साहेबांनी खिशातल्या गोळ्या मागच्या रांगेपासून वाटायला सुरुवात केली आणि निघताना म्हणाले, “वर मांडतो. माझ्या हातात तेवढंच आहे. आणि शिवलिंगला डोळ्यांच्या डॉक्टरकडं मी स्वतः नेतो.”

मास्तर येईल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण समू शाळेत राहिली, आणि त्या दिवशी लगमव्वानं खुडलेल्या पानांत अक्काताईंना एकही ठिपक्याचं पान सापडलं नाही. का आज त्यांचेच डोळे ठिपके टाळत होते, ते त्यांनाही कळलं नाही.

दिवस मावळायच्या आत जेवणं झाली. मगदुमांच्या घरात तीच रीत. त्रिशला सोप्यात बसून अनूला कागद दुमडायला शिकवत होती. चष्मा शाळेतच राहिला होता. सासू आली तशी तिची नजर खाली गेली, नऊ वर्षांची जुनी, शहाणी नजर. अक्काताईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरात कुणीतरी दिवा मालवल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात दंडावरची चकती गुरगुरली.

हात सवयीनं गुळाच्या डब्याकडं गेला आणि मध्येच राहिला. सलग गुरगुरली का थांबून? आणि थांबून असली तर गूळ खायचा, का नाही खायचा? त्रिशलानं ओळखलं, पण तोंड उघडलं नाही. ‘कळलं म्हणते न्हवं’ हे ती विसरली नव्हती.

अक्काताई डबा घेऊन सुनेच्या समोर खाली बसल्या. तळवा पुढं केला.

“मला कळलं न्हाई,” त्या म्हणाल्या. हे तीन शब्द त्या घरात त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले, आणि अनू कागद सोडून बघायला लागला. “तोंडानं सांगू नको. हातानं दाखव.”

त्रिशलानं सासूचा तळवा हातात घेतला. अंगठा टेकवून न उचलता मनगटापर्यंत ओढत नेला, आणि तळव्यावर गुळाचा खडा ठेवला. मग खडा उचलला. बोटानं टिचक्या मारल्या, एक, मग थांबून दुसरी, मग थांबून तिसरी, आणि सासूची मूठ रिकामीच मिटली. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळेला अक्काताईंनी स्वतःच सुनेच्या तळव्यावर करून दाखवलं. दंड थांबून थांबून गुरगुरतच होता. त्यांनी गुळाचा डबा बंद केला आणि चालायला जायला उठल्या.

उंबऱ्यावर त्या वळल्या. त्रिशला अजून खाली मान घालून बसली होती.

“ऐक गं. सून म्हणून तू उद्धट हाईस, त्यात काय फरक पडला न्हाई. तो चष्मा घाल शाळंत, एकटीनं तेवढी पोरं आवरत न्हाईत ते मी बघितलंय. पण पिवळं दिसलं तर पोर काढून टाकू नको, पान न्हवं ते. आणि हिरवं दिसलं तर दोनदा इचार, आपल्या पोराला चारदा. घरात मात्र तुझ्या डोळ्यांवर काच नको. आता खाली काय बघतीस? बघ की माझ्या तोंडाकडं.”